पाटा मोडला

‘पाटा मोडला’ हे दोन शब्द आपल्या भाषेंत मोठे फसवे आहेत. स्वयंपाकघरांत ते उच्चारले तर चटणी वाटण्याचा दगड डोळ्यांपुढें येतो. मोटारीच्या कारखान्यांत उच्चारले तर पोलादाची वांकलेली लांब पट्टी. एका दृष्टीनें मात्र दोन्ही पाट्यांचें नशीब सारखेंच. दोघांनींहि जन्मभर दुसऱ्याचा भार अंगावर घ्यावयाचा आणि त्याविषयीं कोणीं कधीं विचारपूस करावयाची नाहीं. घरांतल्या पाट्याला टांकी लावणारी बाई निदान वर्षांतून एकदां दारावरून ओरडत जात असे. मोटारीच्या पाट्याच्या वांट्याला तेंहि भाग्य नाहीं. गाडीच्या पोटाखालीं, धुळींत आणि चिखलांत तो असा दडलेला असतो कीं, मालकाला त्याचें पहिलें दर्शन बहुधा तो मोडल्यावरच घडतें.

त्याची रचना साधी, पण विचारपूर्वक केलेली असते. सर्वांत वर सर्वांत लांब असा मुख्य पाटा. त्याच्या दोन्ही टोकांना वळवून केलेले डोळे. त्याखालीं उतरत्या लांबीचे आणखी कांहीं पाटे, भरल्या घरांतल्या भावंडांप्रमाणें एकाला एक बिलगलेले. सर्वांच्या मध्यभागीं एक भोंक आणि त्यांतून गेलेला एक बोल्ट. हा सगळा जुडगा आंसाला घट्ट आवळून धरतात ते यू-बोल्ट. पुढचा डोळा गाडीच्या सांगाड्याला पक्का. मागचा मात्र झुलत्या कडीवर, कारण भार आला म्हणजे कमान सपाट होते आणि सपाट होतांना लांबते. त्या लांबण्याला वाट ठेवली नाहीं तर कांहीं तरी तुटलेंच पाहिजे. स्प्रिंग जितकी ताणावी तितका तिचा जोर वाढतो, हा नियम रॉबर्ट हूकनें १६७८ सालीं जगासमोर मांडला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लंडनच्या ओबडाया इलियटनें घोड्यांच्या गाड्यांना लंबगोल कमानी बसविल्या. पुढें मोटार जन्मास आली ती बग्गीच्या घरची ही कमान वारसाहक्कानें घेऊनच आली. आपल्याकडील अँबॅसडर आणि पद्मिनी या दोन्ही गाड्यांच्या मागच्या अंगास कमानपाटेच असत. नव्या मोटारींत बहुधा त्यांची जागा गुंडाळीच्या स्प्रिंगनें घेतली आहे. ट्रकांत आणि कांहीं दणकट गाड्यांत ते अजून टिकून आहेत.

वऱ्हाडांत या पाट्यांना विश्रांति अशी ठाऊकच नाहीं. आमची काळी माती कापसाला मायाळू आणि रस्त्याला सावत्र. पावसाळ्यांत ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यांत आक्रसून तिला हातभर खोल भेगा पडतात. तिच्यावर टाकलेला रस्ता वर्षांतून एकदां वर उचलला जातो आणि एकदां खालीं बसतो. पूर्वीं या मातींतून बैलगाड्या जात, तेव्हां गाडीला कमान नसे. गाडींत बसणाऱ्या माणसाची कंबर हीच कमान. मोटारीनें एवढा उपकार केला कीं, कंबरेचें काम पोलादाकडे सोंपविलें. पण काम सोंपविलें म्हणजे संपलें, असा आपला एक समज होऊन बसतो.

२०१८ सालच्या मार्गशीर्षांत माझ्या मामेबहिणीचें लग्न अकोल्यास होतें. अमरावतीहून लग्नाचें कांहीं सामान आणि मी, अशा दोन्ही वस्तु नेण्यासाठीं मामांनीं आपली जुनी मोटार धाडली होती. भांड्यांचीं पोतीं मागें भरलीं, मी पुढें बसलों आणि बडनेरा मागें टाकून आम्हीं मूर्तिजापूरची वाट धरली. त्या काळीं हा रस्ता ठिकठिकाणीं उखडलेला होता. मामांचा ड्रायव्हर अकरा वर्षांचा जुना, आणि गाडी अशी जपून हांकणारा कीं, मागच्या भांड्यांचा आवाजहि फारसा येऊं नये. लोणी ओलांडल्यावर समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांनीं डोळे दिपले, डावें चाक एका खड्ड्यांत उतरलें आणि खालून ‘खाड्’ असा एकच कोरडा आवाज आला. ड्रायव्हरनें ताबडतोब गाडी कडेला घेतली.

पुढच्या दहा मिनिटांत त्यानें जें केलें, तें एखाद्या चांगल्या वैद्याच्या परीक्षेहून मला कमी वाटलें नाहीं. प्रथम त्यानें चारी चाकांना लाथ मारून पाहिली. “भाऊ, टायर नाई गेला. खालचं काईतरी गेलं,” एवढें बोलून तो गाडीच्या मागें दहा पावलांवर जाऊन उभा राहिला. गाडी डावीकडे झुकली होती. मग त्यानें दोन्ही बाजूंस चाक आणि वरचा पत्रा यांतलें अंतर बोटांनीं मोजलें: उजवीकडे चार बोटें, डावीकडे जेमतेम दीड. डावें चाक आपल्या कमानीच्या मध्यावर नसून किंचित् मागें सरकलें होतें. म्हणजे आंस जागचा हलला. म्हणजे आंसाला धरून ठेवणारें कांहीं तरी सुटलें. तेव्हां कोठें तो विजेरी घेऊन गाडीखालीं शिरला, आणि बाहेर आला तो हातानें मोडल्याची खूण करीतच. भांडीं उजवीकडे सरकविलीं, कडेच्या बाभळीचा एक ओंडका आंस आणि सांगाडा यांच्यामध्यें दोरीनें आवळून बांधला आणि सायकलला लाजवील अशा गतीनें आम्ही मूर्तिजापूरला पोंचलों.

मीं अकोल्यास फोन केला तो मामींनीं घेतला. “मामी, पाटा मोडला,” असें मीं म्हणतांच पलीकडे क्षणभर शांतता पसरली. “अगो बाई! लग्नाच्या घरचा पाटा! आणि तूं कशाला हात लावलास त्याला?” घरांत चार दिवसांवर कार्य, त्यांत पाटा मोडणें केवढा अपशकुन! तो पाटा हा नव्हे, हें त्यांना पटवून देईपर्यंत मामांनीं फोन हातांत घेतला होता. त्यांना मात्र कोणता पाटा तें एका क्षणांत कळलें. त्यांनीं पहिला प्रश्न विचारला तो गाडी कोण चालवीत होतें हा; उत्तर त्यांना ठाऊक होतेंच. “त्याचे डोळे काय खिशांत होते? सांग त्याला, पाट्याचे पैसे पगारांतून कापून घेईन.”

ड्रायव्हर शेजारींच उभा होता. फोनमधला आवाज मोठा होता. त्यानें कांहीं ऐकलें नाहीं असें दाखविलें, पण त्यानंतर चहा आला तो त्यानें घेतला नाहीं. दोन पाटे, बुश, बोल्ट आणि मजुरी मिळून त्याच्या अर्ध्या महिन्याच्या पगाराच्या घरांत जात होतें. त्याची मुलगी त्या वर्षीं दहावीला होती, हें मला ठाऊक होतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मामा नवे पाटे गोणपाटांत गुंडाळून एस्.टी.नें मूर्तिजापुरास आले. मिस्त्री पन्नाशीचे, मितभाषी. त्यांनीं गाडी उचलून सांगाड्याखालीं ठोकळे दिले, उरलेल्या चाकांना दगड लावले आणि यू-बोल्टच्या नटांवर रॉकेल ओतण्यासाठीं बाटली हातांत घेतली. पान्हा लावून पाहतात तों नट सहज फिरला. त्यांनीं दुसरा पाहिला, तोहि तसाच. बाटली बाजूला ठेवून त्यांनीं एकवार मामांकडे पाहिलें, पण बोलले नाहींत. पुढें कडीची खीळ निघाली, जुडगा खालीं आला. मधला बोल्ट काढण्यापूर्वीं त्यांनीं तो सबंध जुडगा शिकंज्यांत दाबून धरला, कारण वांकलेले पाटे मोकळे होतांना उसळून माणसाचें तोंड फोडूं शकतात. मग एकेक पाटा क्रमानें गोणपाटावर मांडला. मुख्य पाटा बरोबर मधल्या भोंकाशीं दुभंगला होता.

“खड्ड्यांत आपटल्यामुळेंच मोडला ना?” मामांनीं विचारलें. प्रश्नांत उत्तर ठेवूनच तो विचारलेला होता. मीं एक तुकडा फडक्यानें पुसावयास घेतला तेव्हां मिस्त्रींनीं हात धरला. “पुसू नका जी. त्याच्यातच तं सारं हाय.” दोन्ही तुकडे त्यांनीं दाराशीं उन्हांत आणले आणि मोडलेलें तोंड आमच्याकडे केलें. त्याचे दोन भाग स्पष्ट दिसत होते. भोंकाच्या कडेपासून निघालेला मोठा भाग काळपट-तांबूस, गंजलेला, घासून गुळगुळीत झालेला. नदीचें पाणी ओसरतांना वाळूवर जशा वळ्या राहतात तशा बारीक वळ्या त्यावर उमटलेल्या. आणि बाहेरच्या कडेशीं एक अरुंद पट्टा, खडीसाखरेसारखा खरखरीत आणि चकचकीत.

“हे चमकते ना, एवढंच काल मोडलं,” मिस्त्री म्हणाले. “बाकीचं लय दिवसापासून मोडून राह्यलं होतं. पाटा काल नाई मोडला सायेब. काल तुमाले समजलं एवढंच.” मग अगदीं सहज त्यांनीं विचारलें, “हे नट कधी आवळले होते?”

मामा कांहीं बोलले नाहींत. चष्मा काढून त्यांनीं तो तुकडा डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ पाहिला. मामा हिशेबी आहेत, आणि हिशेबी माणसाचा एक गुण असा कीं आंकडा समोर मांडला तर तो नाकारीत नाहीं. पुष्कळ वेळानें त्यांनीं विचारलें, “दुसऱ्या बाजूचा?” “तोही काढून पाहू. एका पायात नवा जोडा अन् दुसऱ्यात जुना, असं चालत नाई जी.” उजव्या बाजूच्या मुख्य पाट्यालाहि भोंकापासून केंसाएवढी तड निघालेली होती. मोडलेला पाटा जोडून चालणार नाहीं काय, असें मामांनीं संवयीनें विचारून पाहिलें. मिस्त्री हंसले. “वेल्डिंग करून देतो, पाच मिन्टाचं काम हाय. पन मंग पुढच्या खड्ड्यात मले शिव्या देजा.” पोलादाला दिलेलें पाणी जोडाच्या आंचेनें उतरतें, तो तुकडा दिसावयास पाटा, पण अंगांत कमानीचा गुण उरत नाहीं.

नव्या पाट्यांची कमान जुन्यांशीं पडताळून पाहिली, उरलेले पाटे तारेच्या ब्रशनें घासून त्यांत ग्रॅफाइटचें वंगण भरलें, डोळ्यांत नवे रबरी बुश ठोकले. डोळ्यांचे बोल्ट त्यांनीं आधीं नुसते अडकविले. गाडी चाकांवर उतरवून तिचा भार पाट्यांवर आला तेव्हांच ते आवळले. अधांतरीं आवळलेला रबरी बुश भार येतांच पिळला जातो आणि लौकर फाटतो, हें त्यांनीं पोराला शिकवावें तसें मला समजावून दिलें. “पाचशे किलोमीटर झाले का नट पुन्हा आवळजा,” हें मात्र त्यांनीं ड्रायव्हरला सांगितलें. पगार कापण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाहीं. मामांनीं क्षमा मागितली नाहीं. त्यांच्या पिढीच्या मालकांना ती विद्या अवगत नव्हती. परततांना मात्र ते मागें बसत असत ते पुढें ड्रायव्हरच्या शेजारीं बसले, आणि बोरगांव मंजूला त्यांनीं स्वतः उतरून तीन चहा आणले.

मिस्त्रींनीं उन्हांत धरलेल्या त्या तुकड्यांत युरोपांतल्या विद्वानांनीं बराच काळ खर्चून मिळविलेलें ज्ञान होतें. ८ मे १८४२ रोजीं व्हर्सायहून पॅरिसकडे परतणारी एक आगगाडी इंजिनाचा आंस मोडून कोसळली व पेटली. पन्नासांहून अधिक माणसें दगावलीं आणि त्यांत द्युमाँ द्युर्व्हिल हा दर्यावर्दीहि होता. असे आंस पुष्कळ मोडत, आणि वापरानें लोखंडाचा गाभाच बदलतो, असें तेव्हां कित्येकांना वाटे. तरुण रँकिन यानें तुटलेले आंस तपासून दाखविलें कीं, गाभा जशाचा तसा असतो. कोपऱ्याशीं सुरू झालेली तड हळूहळू आंत सरकत असते. पुढें जर्मनींत व्होलर या रेल्वेच्या अधिकाऱ्यानें वर्षानुवर्षें प्रयोग करून सिद्ध केलें कीं, एकदां दिला असतां धातु ज्याला हंसत तोंड देईल, असा भारहि पुनःपुन्हां दिल्यास तिला मोडतो. या प्रकाराला धातूचा थकवा म्हणतात. १९५४ सालीं कॉमेट जातीचीं दोन विमानें आकाशांत फुटलीं, तींहि याच थकव्यानें. अवशेषांत सांपडलेली तड कवचांतील एका झरोक्याच्या कोपऱ्याशींच जन्मली होती. भोंक, कोपरा, सैल नट: थकवा नेहमीं अशाच जागेवर घर करतो. आणि सैल नटानें पाट्याचा सगळा वांक त्या एका भोंकाशीं एकवटला होता.

आपल्याकडे कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गांठ पडली, असें म्हणतात. म्हण शहाणी आहे, पण ती आपण स्वतःच्या बचावासाठीं वापरतों; दुसऱ्यावर आळ घ्यावयाचा असला म्हणजे आपण थेट कावळ्याला धरतों. घरांत वीस वर्षांची तडकलेली बरणी सुनेच्या हातून फुटते आणि ती सुनेनें फोडली असें ठरतें. दोन भावांच्या वाटणीचें कारण एका समारंभांतल्या एका शब्दांत सांपडतें. जो सर्वांत शेवटीं हातांत धरतो, त्याच्या हातावर मोडण्याचा डाग राहतो. आणि शेवटीं हातांत धरणारा हा पुष्कळदां घरांतला सर्वांत दुबळा असतो, कारण जड वस्तु उचलण्याचें काम त्याच्याकडेच असतें.

याच अमरावती-अकोल्याच्या पट्टींत ही चूक जीवघेणी होते. आमच्या भागांत शेतकऱ्यानें जीव दिला म्हणजे चौकशी होते. कर्ज होतें काय, कोणाचें होतें, वसुलीचा तगादा होता काय, असे प्रश्न विचारले जातात आणि प्रकरण मदतीस ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरतें. गांवांत बोलणें होतें तें आदल्या रात्रीच्या भांडणाचें. तें भांडण खोटें नसतें. तें त्या चकचकीत पट्ट्यासारखें ताजें आणि ठळक असतें. पण त्यामागें बुडालेले हंगाम, पडलेले भाव, मोडलेले दागिने यांच्या किती वळ्या आहेत, हें मोजावयाला मोडलेलें तोंड उन्हांत धरून, न पुसतां पाहावें लागतें. आपण बहुधा आधीं पुसून घेतों.

यावर कोणी म्हणेल, असें असेल तर दोष कोणाचाच नाहीं, सगळाच थकवा. मिस्त्रींनीं तसें म्हटलें नव्हतें. नवा पट्टाहि त्यांनीं दाखविलाच होता; तो रुंद असता तर त्यांनीं तेंहि तितक्याच सरळपणें सांगितलें असतें. निदान म्हणजे माफी नव्हे. निदान म्हणजे मोजमाप. कालचें किती आणि पूर्वींचें किती, याची वांटणी करून ज्याचें त्याच्या पदरांत टाकणें, एवढेंच त्याचें काम. त्या हिशेबानें पाहिलें तर आवाज होतांच गाडी थांबविणाऱ्या ड्रायव्हरच्या खात्यावर दोष तर नव्हताच, जमाच निघत होती. तो तसाच पुढें दामटता तर निखळलेल्या आंसानें काय केलें असतें, हें मनांत आणणेंहि नको वाटतें.

त्या रस्त्यानें पुढें मोठें नांव मिळविलें. ३ जून २०२२ रोजीं सकाळीं अमरावती ते अकोला या मार्गावर काम सुरू होऊन ७ जूनच्या संध्याकाळपर्यंत ७५ किलोमीटर लांबीची डांबरी काँक्रीटची एक सलग पट्टी अंथरली गेली. १०५ तास ३३ मिनिटें काम एकसारखें चालू होतें आणि त्यावर ७२० माणसें खपत होतीं. कतारमधल्या दोहा येथील २५ किलोमीटरांचा जुना विक्रम मोडून गिनीज बुकांत त्याची नोंद झाली. ज्यांनीं या वाटेवर हाडें खिळखिळीं करून घेतलीं, त्यांना त्याचा आनंद झाला यांत नवल नाहीं. पण डांबरी थराचा थकवाहि कमानपाट्याच्याच जातीचा असतो. चाकांच्या भारानें पडणारी त्याची तड पुष्कळदां थराच्या तळाशीं जन्मते आणि मग वर येते. जेव्हां ती दिसते तेव्हां ती जुनी झालेली असते. आणि खालची काळी माती दर पावसाळ्यांत पूर्वींप्रमाणेंच फुगते.

रेल्वेंत पूर्वीं गाडी स्टेशनांत उभी राहिली म्हणजे एक मनुष्य लांब दांड्याचा हातोडा घेऊन चाकांवर टणटण ठोके मारीत जाई. चांगलें चाक खणखणीत वाजे, तड गेलेलें बद्द वाजे. प्रवाशांना त्याचें अस्तित्वहि जाणवत नसे, कारण त्याचें काम नीट झालें म्हणजे कांहींच घडत नसे. घरांत, संस्थेंत, गांवांत असा एखादा ठोके मारीत फिरणारा असावा. पण रस्ता गुळगुळीत असला म्हणजे त्याची आठवण कोणाला होत नाहीं, आणि खड्ड्यांत आपटल्यावर त्याला बोलावून उपयोग नसतो. नट आवळावयाचे ते गाडी सुरळीत चालली असतांनाच.